फुलात अडकलेले रमजानचाचा

महाडात अशी बातमी होती की रमजानचाचांना एका फुलानं गिळलं.

बातमी ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळी होती. आमच्या शाळेचा शिपाई महिपती नाकातून बोलतो, त्यामुळे त्याच्याकडून ती सर्दी होऊनच बाहेर पडायची. "गिळला म्हंजे काय, अर्धा आत. वरचा माणूस तेवढा भायेर. फूल चघळत व्हतं त्याला." एस.टी. स्टँडवरच्या सलूनमध्ये कैची हवेत थांबवून सांगत, "चघळत नव्हतं, चोखत होतं. त्या फुलाचा वास घेतला की माणसाला गुंगी येते, मग दुखत नाय." पोलादपूरला पोचेपर्यंत ते फूल आफ्रिकेतून आलेलं होतं, त्याला रोज एक कोंबडी लागत होती आणि चाचांचा डावा पाय गेला होता.

मी तिथे होते, म्हणून सांगते. पाय दोन्ही आहेत. फूल फायबरचं होतं, त्याला दात नव्हते, आणि त्यानं चाचांना गिळलं नाही, अडकवलं. पोटाशी, भर प्रदर्शनात, आमची अख्खी शाळा बघत असताना. गुंगीबिंगी काही नव्हती. चाचा पूर्ण शुद्धीवर होते, हीच तर अडचण होती.

चाचांचं परसदार आणि आमचं परसदार यांच्यात एक कमरेएवढा दगडांचा गडगा आहे. त्यामुळे त्यांचा आवाज मला लहानपणापासून पाठ. तो काढायचा तर एका गालात सुपारी धरायची आणि कुठलंही वाक्य शेवटापर्यंत न्यायचं नाही. "बघू..." "आता तू बोलतेस तर..." "तसं काय नाय गो, पण..." बस, झाले चाचा. अधूनमधून एखादं "यल्ला" किंवा "खल्लास" टाकायचं. हे कुवेतचे शब्द. टेम्पो चढाला लागला की "यल्ला", बंद पडला की "खल्लास".

कुवेतला ते पाण्याचा टँकर चालवत. उमेदीची सगळी वर्षं तिकडे गेली. तिथला मालक पासपोर्ट लोखंडी कपाटात ठेवायचा. घरी यायची वेळ झाली की कधी कपाटाची किल्ली सापडायची नाही, कधी मालकच सापडायचा नाही. त्यात त्यांची धाकटी, रिम्शा, इकडे जन्मली, रांगली, चालली, बोलायला लागली. तिच्या जन्मानंतर चाचा पहिल्यांदा घरी आले तेव्हा ती चांगली चुरुचुरु बोलत होती. ती नुरजहाँचाचीच्या मागे लपली आणि मोठ्यानं म्हणाली, "अम्मी, हे पाहुणे कधी जाणार?"

चाची ही गोष्ट हसून सांगते. ती सांगायला लागली की चाचा उठून टेम्पोच्या चाकातली हवा बघायला जातात.

त्यानंतर ते परत गेले नाहीत. गुडघे धरले होते. एक जुना टेम्पो घेतला आणि महाड-पोलादपूर फेऱ्या सुरू केल्या. सिमेंट, पेंड, लग्नाचे मांडव, काय असेल ते. शाळा नसली की रिम्शा पुढे बसलेली असे. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला विसरतो म्हणून तो ती वाजवायची. पाहुण्यांचे अब्बा व्हायला बरेच दिवस लागले, पण झाले.

मग चाचीचा धाकटा भाऊ अकिब, जो कुवेतलाच असतो, त्याचा फोन आला. अकिब फोनवर असा बोलतो की मधला समुद्र त्याला फोनशिवायच पार करायचा आहे. "दुल्हेभाई! व्हिसा निकाला तुमचा! तीच कंपनी, तोच टँकर! आता टेन्शन नाय लेनेका!"

चाचा म्हणाले, "बघू..."

ज्याला 'नाही' म्हणता येत नाही त्याच्या 'बघू'चा अर्थ जग आपल्या सोयीनं लावतं. अकिबनं तो 'येतो' असा लावला.

तरीही सुटता आलं असतं, पण तेवढ्यात पहिलं पार्सल आलं.

आमच्याकडे कोणी आखाताला निघालं की ज्यांची माणसं तिकडे आहेत ते सगळे त्याच्या घरी येतात. कोणी "न्याल का?" असं विचारत नाही. तशी पद्धतच नाही. येतात, चहा घेतात, पावसापाण्याचं बोलतात आणि जाताना पांढऱ्या कापडात शिवलेलं एक गाठोडं खाटेवर ठेवून जातात. वर नाव लिहिलेलं. खाटेवर ठेवलं की तुम्ही घेतलं. मग ते तुमचं नाही, पण जबाबदारी तुमची. फोडायचं नाही, आत काय आहे ते विचारायचं नाही, आणि परत करायचं तर मुळीच नाही. ज्याच्या खाटेवर पार्सल आहे तो माणूस जाणार, यावर मग कोणी बोलत नाही.

चाचांच्या खाटेवर सोडे आले, सुके बोंबील आले, आमसुलं, कुळथाची पिठी, नाचणीचे पापड. पोलादपूरच्या वरच्या वाडीतून चंद्राबाई डोंगर उतरून आली. तिचा जानूही कुवेतला आहे. तिनं घाण्यावरच्या तिळाच्या तेलाची बाटली ठेवली. "पोराचं डोकं लय तापतंय म्हनं तिकडं," एवढंच बोलली. गाठोड्यांच्या वासानं घर भरलं. चाचा खाटेवर झोपायचे, ते खाली झोपायला लागले.

मी गडग्यावरून विचारलं, "चाचा, तुम्हाला जायचंय का?"

"आता एवढं सामान आलंय तर..." म्हणाले आणि चाकातली हवा बघायला गेले.

प्रदर्शन आलं ते या दिवसांत. मुंबईच्या एका म्युझियमचं फिरतं प्रदर्शन, विषय ऑर्किड आणि त्यांची उत्क्रांती. मोठा ट्रक आमच्या शाळेच्या गल्लीत शिरेना, म्हणून खोकी चाचांच्या टेम्पोतून चवदार तळ्याला वळसा घालून शाळेच्या हॉलमध्ये आली. जाण्याआधीचं शेवटचं मोठं भाडं म्हणून चाचा मांडामांडीलाही थांबले. रिम्शा सोबत होतीच. त्या आठवड्यात ती त्यांचा सदरा सोडतच नव्हती.

प्रदर्शनाबरोबर सुप्रिया मॅडम होत्या. बारीक, चष्मा, पुण्याचं मराठी, आणि इतक्या भरभर बोलत की श्वास घ्यायला 'हो ना?' म्हणायच्या. "ऑर्किडला आपण मराठीत आमरी म्हणतो, हो ना? ही सीतेची वेणी, तुमच्या घाटात आंब्यावर लोंबते, हो ना?" आमचे जीवशास्त्राचे सर म्हणाले, "बांडगूळ." मॅडम म्हणाल्या, "नाही सर, बांडगूळ झाडाचा रस पितं. ही फक्त बसायला फांदी घेते, हो ना?" सरांना 'हो' म्हणावं की 'ना' हेच कळेना.

मग एका मोठ्या फोटोपाशी त्या थांबल्या. पिवळ्या राळेच्या गोळीत एक माशी अडकलेली. माणूस जन्मायच्या कितीतरी आधी झाडाचा चीक तिच्यावर ओघळला आणि ती तशीच राहिली. तिच्या पाठीवर ऑर्किडच्या परागाची पिशवी अजून चिकटलेली. फूल गेलं, झाड गेलं, जंगल गेलं, पण सामान पाठीवरच.

"पोचवायचं राहिलं," चाचा मागून म्हणाले. त्या दिवशीचं त्यांचं हे पहिलं पूर्ण वाक्य.

हॉलच्या मधोमध होतं ते बादलीचं फूल. खरं फूल मुठीएवढं, पण हे टेम्पोच्या टपाएवढं. मॅडमनी सांगितलं ते असं. हे फूल दक्षिण अमेरिकेतलं. ते मध देत नाही, अत्तर करतं. एका जातीचा हिरवा चकचकीत भुंगा त्या अत्तरासाठी येतो. स्वतःसाठी नाही, मादीवर छाप पाडायला. खरवडता खरवडता पाय घसरतो आणि तो खाली फुलाच्या बादलीत पडतो. बादलीत पाणी. पंख भिजले, उडता येत नाही. भिंती गुळगुळीत, चढता येत नाही. एकच वाट, मागचा अरुंद बोगदा. त्यातून घुसताना फूल त्याला मध्येच धरतं, पाठीवर परागाच्या दोन पिशव्या चिकटवतं आणि मग सोडतं.

"अत्तरासाठी?" चाचांनी विचारलं.

"अत्तरासाठीच, हो ना?"

"आमचे लोक पण तिकडनं तेच आणतात," चाचा म्हणाले. मागच्या बाकावरची पोरं हसली.

या फायबरच्या फुलात मुलांनी शिडीनं वर चढायचं, घसरून बादलीत पडायचं, तिथे पाण्याऐवजी निळा स्पंज, मग बोगद्यातून सरपटत बाहेर. बाहेर पडताना दोन पिवळे स्पंज पाठीला चिकटायचे. रिम्शा पुन्हा पुन्हा जाऊन आली. मग एकदा बादलीत पडली ती आलीच नाही.

"रिम्शा, भायेर ये गो," चाचा बादलीच्या काठावरून म्हणाले.

आतून आवाज आला, "तुमी आत या."

"मी कसा..."

"तुमी आत या, मगच मी भायेर येते. नायतर मी इथंच राहते. तुमी गेलात तरी इथंच."

खाली रांगेत सातवीची पोरं खोळंबलेली. मॅडम घड्याळ बघतायत. दुसरा कोणी बाप असता तर ओरडला असता. चाचा म्हणाले, "बघू..." आणि त्यांनी चपला काढल्या.

ते बादलीत पडले तेव्हा सगळं फूल हललं. रिम्शा खिदळत बोगद्यातून सुर्रकन बाहेर आली. तिच्या मागून चाचांचा एक हात आला, मग डोकं, मग खांदे. मग काहीच आलं नाही.

"यल्ला," चाचा स्वतःला म्हणाले. जोर लावला. थोडे थांबले. "खल्लास."

पहिल्यांदा सगळे हसले. मीही. मॅडम म्हणाल्या, "काका, मागे सरका." पण मागे पायाखाली स्पंज, भिंती गुळगुळीत, टेकायला काही नाही. आमच्या पी.टी.च्या सरांनी हात धरून ओढला. चाचा शांतपणे म्हणाले, "सर, हात येईल. मी नाय येणार." महिपतीनं नाकातून सल्ला दिला, "करवत आणू?" मॅडम एकदम फुलाच्या पुढे उभ्या राहिल्या. "कापायचं नाही! हे एकच आहे. इथून पोलादपूरला जायचंय, मग साताऱ्याला."

"आणि मला कुवेतला," चाचा म्हणाले.

महिपतीला चाचीकडे पाठवलं. तेल आणायला सांगितलं. पण शाळेचं वेळापत्रक थांबत नाही. सातवी गेली, आठवी आली. मॅडमना बोलणं भाग होतं. त्या चाचांच्या शेजारी उभ्या राहून सांगू लागल्या, "लाखो वर्षांत हा बोगदा एकाच मापाच्या भुंग्यासाठी घडत गेला, हो ना? लहान भुंगा पिशवीला न शिवताच निसटतो. आणि मोठा..." त्या थांबल्या. चाचांनी वर बघितलं. "मोठा सहसा आत येत नाही," मॅडम हळूच म्हणाल्या.

आठवी हसत हसत गेली. मधली सुट्टी झाली. हॉल रिकामा झाला आणि मग मात्र ते गमतीचं राहिलं नाही. वर पत्र्यावर ऊन होतं. चाचांच्या कपाळावरून घाम नाकावर यायचा आणि मोकळ्या हातावर अंगाचा भार होता, तो उचलता यायचा नाही. रिम्शा आपल्या फ्रॉकनं पुसायची. ती आता हसत नव्हती. तिनं त्यांचं एक बोट धरून ठेवलं होतं.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"नाय गो. सवय हाय. तिकडं खोली अशीच होती. पत्र्याचा डबा. एकावर एक बाकडी. कूस बदलायची तर खालच्याला सांगून..." वाक्य तिथेच राहिलं. मग ते मॅडमना म्हणाले, "बाई, एक विचारू? हा भुंगा सुटला. पाठीवर सामान. मग जातो कुठं?"

"दुसऱ्या फुलात."

"अशाच?"

"अशाच. परत अत्तर, परत घसरणं, परत बादली. दुसऱ्या फुलाच्या बोगद्यातून जाताना पाठीवरचे पराग तिथे लागतात. तेव्हाच बी धरतं. एकदा पडून तो शहाणा झाला असता तर हे फूल जगात उरलंच नसतं." या वेळी त्या 'हो ना?' म्हणाल्या नाहीत.

"म्हंजे तो दुसऱ्यांदा पडतो त्याच्यावर हे सगळं उभं हाय."

"तसंच."

"त्याला आठवत नाय, आपण मघाशी पडलो ते?"

"वास आला की जातो."

चाचांनी समोर बघितलं. त्यांच्या तोंडासमोरच्या भिंतीवर तो राळेतल्या माशीचा फोटो होता. मान अवघडून वळत नव्हती, त्यामुळे दुसरं काही बघायचं म्हटलं तरी बघता येत नव्हतं.

चाची आली तेव्हा आधी तिचा आवाज आला. चाचीचा आवाज काढायला सोपा. वाक्य खालून सुरू करायचं आणि शेवटच्या शब्दाला माळ्यावर न्यायचं. "काय हो हे-ए?" ती बुरख्याची पुढची पट्टी मागे टाकून फुलासमोर उभी राहिली. "कुनी सांगितलं होतं आत जायला?"

"रिम्शानं बोलवलं..."

"रिम्शानं बोलवलं, गेले. अकिबनं बोलवलं, निघाले. उद्या म्हशीनं बोलवलं तर गोठ्यात जाऊन बसाल."

"नुरजहाँ, पोरं ऐकतायत..."

"ऐकू देत. मला तर ऐकायला मिळत नाय तुमच्या तोंडून काय."

तिनं पिशवीतून बाटली काढली. बाटलीला अजून अर्धं पांढरं कापड चिकटलेलं होतं. शिवण दातांनी उसवलेली दिसत होती आणि कापडावर निळ्या शाईत 'जानू' एवढं वाचता येत होतं.

चाचांनी ते पाहिलं. "तेल कुठलं आनलंस?"

"खाटेवरचं."

महिपतीनं सुस्कारा टाकला, तोही नाकातून. मॅडमना काही कळलं नाही, पण आम्हाला सगळ्यांना कळलं. खाटेवरचं पार्सल महाडात कोणी फोडल्याचं मी आजवर ऐकलेलं नव्हतं.

"घरात तेल होतं की," चाचा म्हणाले.

"होतं," चाची म्हणाली. "डबा भरून होतं." आणि तिनं बूच काढलं.

चाचीनं बोगद्याच्या कडेनं तेल सोडलं, हात घालून चोळलं, पुन्हा सोडलं. बाटली संपेपर्यंत. मग महिपतीनं एक खांदा धरला, मी दुसरा, आणि मॅडमनी फुलाची पाकळी दाबून धरली. चाचा 'पच्च' असा आवाज करून बाहेर आले, चटईवर उताणे पडले, मग पालथे झाले. पाठीवर दोन्ही पिवळे स्पंज चिकटलेले. रिम्शानं ते ओढून काढले आणि परत बोगद्याला लावून ठेवले.

चाचांनी उठून चपला घातल्या. तेलानं पाय सटकत होते.

संध्याकाळी मी गडग्यावर जाऊन बसले. हॉलमधलं सगळं माझं पाठ होतं, तरी चाचांच्या तोंडून ऐकायचं होतं. ते पायरीवर बसून गुडघ्याला अंगाला लागलेलं तेच तेल जिरवत होते. आत खाटेवर गाठोडी होती तशीच होती. एकच जागा रिकामी.

"मग चाचा, विमान कधी?"

"बघू..."

"म्हणजे जाणार."

"बघू म्हटलं की गो."

"तुमचं 'बघू' मला ऐकू येतं. आता अकिबमामूचा फोन येईल. ते म्हणतील, दुल्हेभाई, तिकीट कन्फर्म. तुम्ही म्हणाल, बघू. ते म्हणतील, शाब्बास." हे मी दोघांच्याही आवाजात केलं. आतून चाची हसत बाहेर आली.

"हिच्याशी पैज लावा," ती म्हणाली. "लय बोलते."

"कसली पैज?" चाचांनी विचारलं.

"तुम्ही नाही म्हणू शकत नाही, यावर," मी म्हटलं. "म्हणालात तर मी हरले. हरले तर सांगाल ते काम करीन."

"आनि मी हरलो तर?"

"तर काय, तुम्ही कुवेतला असाल."

रिम्शा दारात उभी होती. तिनं बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मला एकदम वाटलं की ही पैज आपण लावायला नको होती, कारण मी जिंकणार याची मला खात्री होती.

फोन आला. चाचांनी तो कानाला लावला नाही, हातात धरला. अकिबला तेवढं अंतर पुरतं.

"दुल्हेभाई! तिकीट कन्फर्म!"

"हां..." चाचा म्हणाले. चाचीनं डोळे मिटले.

"सामान किती झालं? जानू रोज विचारतो, आईनं तेल धाडलंय ते आलं का म्हनून!"

"तेल संपलं."

"संपलं? संपलं कसं?"

"मला लावलं."

मग अकिब जपून बोलला, जसं आजारी माणसाशी बोलतात. "दुल्हेभाई, तब्येत ठीक हाय ना?"

"ठीक हाय. अकिब, ऐक. मी नाय येत."

"म्हंजे या महिन्यात नाय?"

"नाय. पुढच्या बी नाय. मी एकदा येऊन गेलोय."

वाक्य संपलं होतं. सगळं. मी वाट बघत होते की पुढे 'पण' येईल. आला नाही. रिम्शा येऊन त्यांच्या तेलकट गुडघ्यावर बसली.

अकिबनं मग जे सुरू केलं त्याची नक्कल करायला मला दोन तोंडं लागतील. व्हिसा, कंपनी, इज्जत, आपा कुठे आहे, आपाला फोन द्या. चाची पदरानं हात पुसत म्हणाली, "सांगा, आपा सैपाकात हाय." शेवटी अकिब दमला आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "अवो पन, लोकांचं सामान! एवढ्या लोकांच्या घरी जाऊन परत कोन देनार?"

चाचांनी माझ्याकडे बघितलं. गालात सुपारी होती.

"अमिता देईल," ते म्हणाले. "पोलादपूरला, चंद्राबाईच्या वाडीत बी तीच जाऊन सांगेल तेलाचं."

"कोन अमिता?"

"शेजारची. पैज हरली."